गोठ्यातला जाणता

पाटण तालुक्यातल्या गोठ्यांत अजूनही एखादा बैल असा सापडतो की बाजारात त्याला फारशी किंमत कोणी सांगणार नाही, पण घरधनी त्याला दावणीवरून सहजासहजी सोडणारही नाही. त्याचे दात झिजू लागलेले असतात, खांद्यावर जुवाचा घट्टा पडलेला असतो, चाल मंदावलेली असते. दिवसभर नांगर ओढणे त्याला आता झेपत नाही. तरी नवा खोंड औताला धरायचा असला, बाजारातून आणलेले बुजरे जनावर रुळवायचे असले, पावसाळ्यात भरून वाहणारा ओढा ओलांडायचा असला, की पहिले दावे सुटते ते त्याचेच. हाच जाणता बैल. त्याच्याकडून नेमके काय काम होते, ते त्याला का जमते, कोणता बैल जाणता होतो आणि कोणता नुसताच म्हातारा होतो, हा पुढच्या विवेचनाचा विषय आहे.

पाटण हा सातारा जिल्ह्याचा सह्याद्रीला भिडलेला तालुका. कोयना, केरा, मोरणा, तारळी आणि वांग या नद्यांच्या खोऱ्यांत तो विभागलेला आहे. पश्चिमेला नवजा-कोयनानगरच्या बाजूला एका पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्याही पुढे पाऊस कोसळतो. तिथली शेती म्हणजे डोंगरउतारावर बांध घालून केलेली भाताची खाचरे आणि त्यांच्या वरच्या अंगाला नाचणी-वरीचे तुकडे. पूर्वेला मल्हारपेठ ओलांडून कराडच्या दिशेने जावे तसा पाऊस कमी होत जातो आणि ऊस, भुईमूग, सोयाबीन दिसू लागतात. खालच्या सपाटीवर ट्रॅक्टर येऊन कित्येक वर्षे झाली. वरच्या तालींवर त्याला वळायलाच जागा नसते, त्यामुळे तिथला चिखल बऱ्याच ठिकाणी अजून बैलांवर होतो. अशा अरुंद तालीवर जोडीतला एक बैल बुजून बांधाखाली गेला, तर जू, औत आणि दुसरा बैल त्याच्यामागोमाग जातात आणि औत धरणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतते. बैलाच्या ताकदीइतकाच त्याचा शांतपणा इथे पारखला जातो तो यामुळे.

त्यातच इथे येणारे पुष्कळ बैल मूळचे इथले नसतात. खिल्लार ही जात वाढली ती सातारा-सांगली-सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यात, माण, आटपाडी, जत, सांगोल्याच्या माळरानावर. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेतून, खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेतून खोंड विकत घेतले जातात आणि गाड्यांतून घाटाकडे येतात. खिल्लार चपळ, काटक आणि तापट. अनोळखी माणसाला ते जवळ करत नाही. एका हाताची सवय झाली की दुसऱ्या हाताने पाणी पाजायला गेले तरी शिंग उगारते. माणदेशी खोंडाने गुडघाभर चिखल पाहिलेला नसतो, आठ-आठ दिवस न थांबणारा पाऊस पाहिलेला नसतो, भाताचा पेंढाही पहिल्यांदाच समोर येतो. ज्या जनावराला सगळेच नवे आहे त्याला माणसाच्या शब्दाचा फारसा आधार वाटत नाही. आधार वाटतो तो त्याच्याच जातीच्या, शेजारी निवांत रवंथ करत उभ्या असलेल्या जनावराचा.

याचे मूळ गुरांच्या स्वभावात आहे. गाय-बैल ही कळपाने राहणारी आणि रानात वाघा-बिबट्यांचे भक्ष्य ठरणारी जनावरे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्यांना भोवतालचा तीनशे अंशांहून अधिक घेर दिसतो. मात्र दोन्ही डोळ्यांनी एकदम दिसणारा पट्टा अरुंद असल्यामुळे समोरच्या वस्तूची खोली चटकन कळत नाही. रस्त्यावर पडलेली सावली, साचलेले डबके, पुलावरच्या लोखंडी पट्ट्यांतली फट ही बैलाच्या नजरेत सारखीच धोक्याची असते. असे काही समोर आले की तो थबकतो, नाक खाली घालतो, फुरफुरतो आणि मग शेजाऱ्याकडे बघतो. शेजारी पुढे गेला तर तोही जातो. शेजारी बिथरला तर त्याच्या आधी पळतो. कळपात प्रत्येकाने प्रत्येक धोका स्वतः तपासायचा म्हटले तर चरायला वेळच उरणार नाही. म्हणून एकाच्या अंदाजावर दुसऱ्याने चालायचे, ही त्यांची हजारो पिढ्यांची रीत आहे. फ्रान्समधल्या प्रयोगांत असे दिसले की घाबरलेल्या जनावराच्या मुताचा वास जरी आला, तरी दुसरी कालवड चाऱ्याकडे जायला कचरते. भीती अशी वासावरूनही पसरते. निर्धास्तपणा पसरायला मात्र जनावर शेजारी उभे असावे लागते.

खोंड औताला धरायचे वय साधारण दातांवरून ठरते. दुधाचे दात पडून पक्के दोन दात आले की तो दुसा, चार आले की चौसा. आठही दात आले की बैल जुळला. दोन दात सव्वादोन-अडीच वर्षांच्या सुमाराला येतात, जुळायला साडेचार-पाच वर्षे लागतात. दुसा असताना हलक्या कामाला हात लावायचा आणि चौसा झाल्यावर खरे औत द्यायचे, असा सर्वसाधारण क्रम. नाक टोचून वेसण आधीच घातलेली असते. काही घरांत वेसण घातल्यापासूनच खोंडाला जाणत्याच्या शेजारच्या खुंट्याला बांधतात. पाण्यावर नेताना दोघांना एकदम नेतात, वैरण एकाच गव्हाणीत टाकतात. जू खांद्यावर येण्याच्या कितीतरी आधी जोडी जमवायला घेतलेली असते आणि या काळात घाई झाली तर पुढे तिची किंमत मोजावी लागते.

पहिल्यांदा जू ठेवताना ते आधी जाणत्याच्या खांद्यावर टेकवायचे. तो मान खाली घालून स्वतः जुवाखाली येतो. कित्येक वर्षांची सवय. मग खोंडाला त्याच्या अंगाला अंग लागेल असे उभे करून जुवाचे दुसरे टोक हळूच वर आणायचे, शिवळा सरकवायची, मानेखालून जोते बांधायचे. लाकूड मानेवर टेकताच खोंड मागे सरतो. एकट्याला बांधला असता तर तो उलटा फिरला असता, जू मानेत अडकून आडवा झाला असता. इथे जुवाचे एक टोक जागचे हलत नाही, कारण त्याखाली सात-आठशे पावसाळी दिवस काढलेला बैल चारी पाय रोवून उभा आहे. खोंड झटके देतो, पाय झाडतो, जीभ बाहेर काढून हंबरतो. जाणता कान मागे करून ते सगळे ऐकून घेतो आणि रवंथ चालूच ठेवतो. काही वेळाने खोंडाचा श्वास उतरतो. पहिल्या दिवशी एवढेच करायचे. औत मागे नसते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रिकाम्या जुवावर दोघांना माळावर फिरवायचे, मग मागे एखादा ओंडका बांधायचा, आठवड्याभराने हलका कुळव.

चालायला लागल्यावर जाणत्याचे खरे शिकवणे सुरू होते. त्यात मुद्दाम काही नसते. तो फक्त आपल्या चालीने चालतो. खोंड पुढे धावला की जुवाचे त्याचे टोक पुढे जाते, जू तिरके होते आणि मानेला बोचते; मागे राहिला की ओढले जाऊन पुन्हा बोचते. बरोबरीने चालला की बोचणे थांबते. चार-सहा तासांत, म्हणजे शेताच्या चार-सहा फेऱ्यांत, नवाट जनावराच्या हे अंगवळणी पडू लागते. तासाच्या शेवटाला कुठे थांबायचे, आतल्या बैलाने जागच्या जागी पाय उचलून वळायचे आणि बाहेरच्याने मोठा फेरा घ्यायचा, हे माणसाने कासरा ओढून शिकवायला गेले तर हंगाम जातो. जाणत्याच्या जोडीला ते दोन-तीन दिवसांत येते. ओझे वाटून देण्याचीही सोय जुवातच असते. नाडा, म्हणजे जू औताला जोडणारा दोर, जुवाच्या मध्यावरून जाणत्याच्या बाजूला दोन बोटे सरकवला की ओढीचा मोठा वाटा त्याच्यावर पडतो आणि कोवळ्या खांद्याला सवड मिळते. खोंडाच्या अंगात बळ येईल तसा नाडा पुन्हा मध्यावर आणायचा. बळकट पण वयाने उतरू लागलेल्या बैलावर हा भार किती दिवस टाकायचा याचे तारतम्य शेतकऱ्याला ठेवावे लागते, कारण जाणता तक्रार करत नाही आणि त्याचा खांदा सुजला की मग सगळेच काम थांबते.

चिखलणीच्या दिवसांत या जोडीचा कस लागतो. खाचरात पाणी भरलेले, वरून पाऊस, पायाखालची जमीन दिसत नाही. माळरानावर वाढलेल्या जनावराला पाय खाली खाली जाण्याची भीती सर्वांत मोठी वाटते. पहिल्यांदा चिखलात उतरलेला खोंड पुढचे दोन पाय रुतले की उडी मारून बाहेर पडू पाहतो आणि उडी मारली की आणखी खोल जातो. जाणता बैल चिखलात पाय सरळ वर उपसून पुढे टाकतो, घाई करत नाही, दम लागला की थांबतो आणि हाकेबरोबर पुन्हा चालू लागतो. त्याच्या थांबण्याचाही खोंडाला उपयोग होतो. चिखलात थांबले तरी काही होत नाही, हे त्याला तिथे कळते.

ऊसपट्ट्यातले काम वेगळे. दिवाळीच्या आसपास कारखान्यांचे गाळप सुरू झाले की मरळी-दौलतनगरच्या लोकनेते बाळासाहेब देसाई कारखान्याकडे, खाली रेठऱ्याच्या कृष्णा कारखान्याकडे उसाच्या गाड्यांची रीघ लागते. बैलगाड्या बहुतेक बीड-धाराशिवकडून आलेल्या तोडकऱ्यांच्या. उसाने भरलेली गाडी हमरस्त्यावरून न्यायची, मागून-पुढून ट्रक जातात, रात्री दिव्यांचा झोत थेट डोळ्यांत येतो, कारखान्याच्या आवारात नंबर लागेपर्यंत तासन्‌तास जू खांद्यावर घेऊन उभे राहायचे. उतारावर भरल्या गाडीला बैलांनीच मागे रेटून धरावे लागते. अशा वेळी जोडीतला एक भोंग्याला बुजला तर गाडी उलटते. म्हणून तोडकरी जोडी घेताना एक बैल रस्त्याला मुरलेला बघतात आणि शेजारी ताकदीचा तरणा जुंपतात. दोन तरणे बैल ओढतील जास्त, पण त्यांच्या भरवशावर घाटउतार कोणी उतरत नाही.

जुन्या काळी अनेक बैलजोड्या एका औताला लागत तेव्हा जाणत्याची जागा ठरलेली होती. काळ्या खोल जमिनीत हरळी-कुंद्याची मुळे उपटायला लाकडी नांगराला चार-चार, सहा-सहा जोड्या जुंपाव्या लागत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला आणि १९१० साली आताच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसली. त्यानंतर नांगर सुधारला, तरी जड नांगराला दोन-तीन जोड्या लागतच राहिल्या. गावात ज्याच्याकडे एकच जोडी तो इर्जिक घालून, म्हणजे जेवणाच्या बदल्यात गावाची मदत मागून, किंवा पैऱ्याने, म्हणजे कामाच्या फेडीवर, दुसऱ्याची जोडी घेई. या लांबलचक रांगेत सर्वांत पुढची जोडी जाणती लागे, कारण नांगरकरी मागे कुठेतरी असे आणि तासाची रेघ पुढच्या बैलांनाच सरळ धरावी लागे. धुरेला, म्हणजे नांगराजवळ, ताकदीचे बैल. मधल्या जागा नवशिक्यांच्या: पुढेही मुरलेले, मागेही मुरलेले, मध्ये असलेल्याला पळायला वावच नाही. शेतकऱ्यांनी बसवलेली ही रचना एखाद्या शाळेसारखी विचारपूर्वक होती आणि ती मोडल्यावर खोंड शिकवण्याचा सगळा भार एका जाणत्यावर येऊन पडला.

औताबाहेर, गोठ्यात, जाणत्याचे काम नजरेला पटकन दिसत नाही. बाजारातून आणलेला बैल पहिल्या रात्री सहसा खात नाही, दावे ताणून उभा राहतो, खाली बसत नाही. शेजारी जाणता बसला, त्याने पाय दुमडून मान टाकली, की मध्यरात्रीनंतर कधीतरी नवाही बसतो. पशुवैद्य आला, लस टोचायची आहे, तर आधी जाणत्याला टोचतात. तो फारशी हालचाल करत नाही आणि बाकीच्यांना गोठ्यात गोंधळ झाल्याचे जाणवत नाही. लम्पी आजाराच्या लसीकरणावेळी २०२२ साली गावोगाव शेकडो जनावरे एका दिवसात टोचायची वेळ आली, तेव्हा कोणते जनावर आधी पुढे आणायचे याला बरेच महत्त्व आले. आजारी जनावर वेगळे बांधावे लागते. तिथे मात्र सोबतीचा उपाय चालत नाही, हेही सांगितले पाहिजे.

पाटणच्या पश्चिम भागात गोठ्याच्या रात्रीला आणखी एक बाजू आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. जंगलाच्या कडेच्या वाड्यांवर बिबट्या येतो, वासरू-शेळी उचलतो. बुजरी जनावरे कशालाही फुरफुरतात, मांजर आडवे गेले तरी दावे ताणतात. अशा गोठ्यातला आवाज ऐकून घरातले माणूस हळूहळू उठेनासे होते. जाणता उठून उभा राहिला, कान पुढे करून एका दिशेला रोखून बघू लागला आणि फुरफुरला, तर अंथरुणातला माणूस बॅटरी घेऊन बाहेर येतो. जे जनावर उगाच घाबरत नाही त्याच्याच इशाऱ्यावर भरवसा ठेवता येतो.

हे गुरांपुरतेच आहे असे नाही. घोड्यांच्या बाबतीत तर ते मोजूनही पाहिलेले आहे. डेन्मार्कमधल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नवख्या घोड्यांना भीती वाटेल अशा वस्तूसमोर जोडीने आणले. काहींचा जोडीदार त्या वस्तूला आधीच सरावलेला होता, काहींचा त्यांच्याइतकाच नवखा. शांत जोडीदार मिळालेल्या घोड्यांच्या हृदयाचे ठोके कमी वाढले आणि पुढे एकटे आणले तेव्हाही ते इतरांपेक्षा कमी घाबरले. सोबती निघून गेल्यावरही त्याने दिलेला धीर टिकतो, हा या अभ्यासाचा मोलाचा भाग. नंतरच्या दुसऱ्या एका प्रयोगात अनोळखी पृष्ठभागावरून घोडे चालवले, तेव्हा सरावलेल्या सोबत्यामुळे ते ओलांडणाऱ्यांची संख्या वाढली नाही, पण ठोके मात्र संथ राहिले. कौशल्य आणि धीर या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि सोबती आधी धीर देतो. पाटणमध्ये खोंडाला पहिल्या दिवशी जू ठेवून नुसते उभे करतात, औत लावत नाहीत, त्यामागे हीच समज आहे.

शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यात जुना शांत घोडा सोबतीला ठेवण्याची चाल जगभर आहे. १९३०च्या दशकात अमेरिकेत गाजलेला सीबिस्किट हा घोडा सुरुवातीला तबेल्यात सतत येरझाऱ्या घालायचा. टॉम स्मिथ या प्रशिक्षकाने त्याच्या शेजारी पम्पकिन नावाचा गरीब स्वभावाचा घोडा ठेवला, मधली भिंत काढून टाकली, आणि सीबिस्किट स्वस्थ झोपू लागला. आपल्याकडे दख्खनी भीमथडी घोडे आज मुख्यतः मेंढपाळ धनगरांकडे उरले आहेत. फलटण, माण, खटाव, आटपाडीचे धनगर पावसाळा सरला की मेंढरे घेऊन निघतात आणि त्यांचे बिऱ्हाड घोड्यांच्या पाठीवर असते: भांडी, वाघर, कोंबड्या, कोकरे, कधी लहान मूलही. शिंगरू आईच्या मागे मोकळे चालत येते आणि पाठीवर ओझे येण्याच्या आधी नदीचा उतार, डांबरी रस्ता, कुत्री हे सगळे तिच्या सोबतीने पाहून घेते. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर, खेड, मावळच्या शर्यतीच्या घाटांत बैलगाड्यापुढे घोडी पळवतात, ती तर बैलांना वाट दाखवायलाच.

हत्तींचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या पिलानेसबर्ग अभयारण्यात क्रूगर अरण्यातले पोरके कोवळे नर हत्ती आणून सोडले होते. त्यांच्यात एकही प्रौढ नर नव्हता. हे हत्ती वेळेआधीच माजावर येऊ लागले आणि १९९२ ते १९९७ या काळात त्यांनी चाळीसहून अधिक पांढरे गेंडे मारले. १९९८ साली क्रूगरमधूनच सहा वयस्क नर आणले. कोवळ्यांचा माज ओसरला आणि गेंडे मरायचे थांबले. सिंधुदुर्गात माणगाव खोऱ्यात २०१५ साली रानटी हत्ती पकडायचे ठरले तेव्हा कर्नाटकातले शिकवलेले हत्ती आणावे लागले, कारण बिथरलेल्या हत्तीच्या दोन बाजूंना उभे राहायचे काम माणसाच्या आवाक्यातले नसते.

आता निवडीचा प्रश्न. वय झाले म्हणजे बैल जाणता झाला असे नाही. तरुणपणी मार खाऊन मुकाट झालेला बैल बाहेरून शांत दिसतो, पण त्याचा शांतपणा हरलेल्या जनावराचा असतो. तो कान पाडून, नजर खाली घालून उभा राहतो, शेजारी काय चालले आहे याची दखल घेत नाही. खोंडाला त्याच्याकडून धीर मिळत नाही. जाणत्याचे कान सतत हलतात, तो प्रत्येक आवाज ऐकतो आणि मग सोडून देतो. वाईट सवयीही तितक्याच सहज उतरतात. भर तासात बसकण मारणारा, मध्येच खांदा टाकणारा, वळणावर शेजाऱ्याला शिंग लावणारा बैल शेजारी असला तर खोंड एका हंगामात तसाच बनतो, आणि बसका बैल पुन्हा उभा करणे फार अवघड. नऊ-दहा वर्षांचा, अनेक हातांखाली न गेलेला, उजव्या-डाव्या दोन्ही अंगांना चालणारा बैल शिकवायला उत्तम. हा शेवटचा गुण दुर्मीळ आहे. बहुतेक बैल एकाच बाजूला मुरलेले असतात आणि बाजू बदलली की तेही गडबडतात, मग खोंडाला काय सावरणार?

शर्यतींमुळे ही निवड अलीकडे पुन्हा चर्चेत आली. बैल शर्यतींवर २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंदी आली, महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना वाट मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्या दुरुस्तीवर शिक्कामोर्तब केले. सातारा-सांगलीच्या मैदानांवर आदत, म्हणजे अजून पक्के दात न आलेला खोंड, आणि अनुभवी बैल अशी एकत्र जोडी पळवण्याचेही गट असतात. अनुभवी बैल चाकोरी धरून पळतो म्हणून आदत सरळ राहतो. तरी मैदानाचे लक्ष, आणि त्यामागोमाग पैसा, वेगाकडे आहे. लाखांच्या बोली लागतात त्या तरण्या खोंडांवर, आणि त्यांना सरळ पळायला शिकवणाऱ्या बैलाचे नाव फलकावर येत नाही. ही खंत या क्षेत्रातल्या जाणकारांना आहे आणि ती रास्त आहे.

म्हाताऱ्या बैलाला सांभाळायला खर्च येतो, हे नाकारून चालणार नाही. मार्च २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे थकलेला बैल विकून नवा घेण्याची जुनी घडी मोडली. काम न करणारे जनावर दावणीला ठेवणे छोट्या शेतकऱ्याला परवडत नाही आणि काही बैल माळावर सोडून दिले जातात. यावर सर्वांना लागू पडेल असा उपाय नाही. पण जो बैल निव्वळ थकलेला दिसतो त्याच्यात शिकवण्याचे काम शिल्लक आहे का, हे पाहिल्याशिवाय त्याचा हिशेब पूर्ण होत नाही. एक खोंड नीट तयार झाला तर जाणत्याच्या वैरणीचा बराच खर्च त्यात निघतो. एक खोंड बिघडला तर त्याची किंमत बरीच उतरते.

त्याची निगा साधी पण नेमाने घ्यावी लागते. दात झिजल्यावर सुकी वैरण त्याला चावत नाही. कडबा कुट्टी करून, भिजवलेल्या पेंडीत कालवून द्यावा लागतो. खुरांच्या पत्र्या वेळेवर बदलाव्या लागतात, नाही तर चालीत लंगडेपणा येतो आणि जोडीदाराचीही चाल बिघडते. लांब शिंगांच्या पांढऱ्या बैलांत शिंगाचा कर्करोग वयाबरोबर आढळतो. एक शिंग कलू लागले, नाकातून रक्तमिश्रित स्राव आला, बैल डोके सारखे झटकू लागला तर लगेच पशुवैद्याला दाखवावे, लवकर शिंग काढले तर जनावर वाचू शकते. खांद्याकडे रोज हात फिरवून बघावे. आषाढातल्या बेंदराच्या आदल्या दिवशी हळद-तेलाने खांदेमळणी होते, पण जो खांदा दोघांचे ओझे घेतो त्याला मळणी वर्षभर लागते. काम दुपारच्या आत संपवावे आणि जोडी सुटल्यावर पहिले पाणी त्याला दाखवावे, म्हणजे खोंडही घाई न करता पितो.

जाणता हयात असेपर्यंतच पुढचा जाणता तयार व्हावा लागतो. त्याने शिकवलेल्या खोंडाला पाच-सहा हंगाम मिळाले, तो जुळला, रस्ता, चिखल, बाजार सगळे त्याने पाहिले, की त्याला दुसऱ्या अंगाला चालवून बघायचे आणि पुढच्या नव्या खोंडाशेजारी त्यालाच उभे करायचे. म्हातारा तेव्हा गोठ्यात असला तर त्याला बांधापर्यंत न्यावे, निदान पहिले काही दिवस. ज्या घरांनी ट्रॅक्टरच्या भरवशावर मध्ये काही वर्षे बैल ठेवले नाहीत आणि आता तालींसाठी पुन्हा जोडी घेतली, त्यांच्याकडे हा दुवा तुटलेला आहे. त्यांनी दोन कोवळे खोंड एकदम घेऊन एकमेकांशेजारी शिकवू नयेत. एक तरी मुरलेला घ्यावा, आणि तो परवडत नसेल तर वाडीतल्या दुसऱ्या घराचा जाणता पंधरा-वीस दिवसांसाठी मागून आणावा. त्याच्या धन्याला त्या बदल्यात पैऱ्याने माणूस द्यावा किंवा त्या दिवसांची वैरण पोचती करावी.